मनीला सांगलीवाडीला सोडायचं का?

"सासूबाई म्हणाल्या, बाळ हवंय की मांजर ते एकदा ठरव." सांगलीच्या विश्रामबागेतली ही सून (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) तिसऱ्या महिन्यात होती आणि रात्र-रात्र जागत होती. आधीचा गर्भ दहाव्या आठवड्यात गेला, तेव्हा दुपारभर तिच्या उशाशी मनीच असायची. आता नवरा पोतं घेऊन तयार : आयर्विन पुलापलीकडे सांगलीवाडीला सोडून येतो.

सासूबाईंचा सगळा राग केसांवर. केस पोटात जाऊन गर्भाला काही होत नाही. जपायचं ते विष्ठेला, कारण गर्भाला धोका असलेला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी तिच्यातून पसरतो. उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन मांजरीला तो लागतो. पहिल्या लागणीनंतर साधारण १ ते ३ आठवडे विष्ठेतून त्याचे कोष पडतात, पुढे सहसा नाही. ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. कोष पिकायला, म्हणजे लागण करण्याजोगे व्हायला, १ ते ५ दिवस लागतात. म्हणून वाळूचं घमेलं रोज साफ करायचं, आणि ते नवऱ्यानं. तो गावाला गेलाच तर हिनं हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन.

"पण मनी दूधभातच खाते."

"आणि उंदीर?" मी विचारलं.

"परवा गच्चीवरनं एक आणलावता..."

मग मनीला घरातच ठेवायचं, मासे-मटण शिजवूनच घालायचं, नवं पिल्लू सध्या आणायचं नाही.

मनी गेली तरी माती लागलेली कोथिंबीर, न धुतलेलं गाजर, अर्धकच्चं मटण घरात राहतंच, आणि हा परजीवी त्यातूनही येतो. हे ऐकून सासूबाई जरा वरमल्या. कोशिंबीर त्यांच्याच हातची. रक्तात आयजीजी आणि आयजीएम (लागण झाल्याची खूण सांगणारी प्रतिपिंडं) तपासून घ्यायला सांगितलं. लागण गरोदरपणाआधीची निघाली तर बाळाला सहसा धोका नसतो, पण रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांनीच वाचावा. मोबाईलवर वाचून घाबरणारेच जास्त.

झोप मात्र घमेल्यानं येणार नव्हती. गेलेल्या गर्भाचं नाव घरात कुणी काढलंच नव्हतं. मनीला सोडायचं म्हटल्यावर तेच दुःख पुन्हा वर आलं. तिघांना समोर बसवल्यावर ती सासूबाईंदेखत पहिल्यांदा त्याबद्दल बोलली. पोतं माळ्यावर गेलं.

सासूबाईंची एक शंका उरली : पाळणा. ती रास्त आहे, उबेला मांजर तान्ह्याला चिकटून झोपतं. पाळणा आठव्या महिन्यातच मांडा, मनी चढली की दरवेळी उतरवा, आणि बाळ झोपलेलं असताना खोलीचं दार लावा.