अल्टरनेटर बदलताना बेल्ट सैल कसा करायचा

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून गाडीची बॅटरी चार्ज करणारा जनरेटर; त्याच्या जाड वायरमध्ये चावी बंद असली तरी करंट असतो. पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. बेल्टच्या वाटेचा फोटो घे.

टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग, स्प्रिंगचा असेल तर लांब दांड्याचा पाना लावून बेल्ट सैल होईल त्या बाजूला सावकाश फिरव, तसाच धरून ठेव आणि दुसऱ्या हाताने बेल्ट पुलीवरून सरकव. पाना झटक्यात सोडू नकोस, बोटं सापडतात रे. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याऐवजी बेल्टचा ताण कमी-जास्त करायला ॲडजस्टिंग बोल्ट असतो. तिथे अल्टरनेटरचे माउंटिंग बोल्ट आधी ढिले कर, नाहीतर आटे जातील.

बेल्ट निघाला की टेन्शनरची पुली हाताने फिरवून बघच. खरखर लागली तर पुण्यातल्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून तीही घेऊन ये.