निवृत्तीनंतर घरी जुन्या मोटारसायकली सुरू करण्यासाठी वर्कशॉप कसं उभारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरात निवृत्ती आहे, घराशेजारी 10 बाय 14 फुटांची शेड आहे, त्यात दहा-बारा वर्षं बंद पडलेली यझदी रोडकिंग उभी आहे, पुढे आणखी जुन्या गाड्या घ्यायच्या आहेत. हत्यारं कोणती घ्यावी आणि सुरुवात कुठून करावी?

हत्यारांच्या आधी कागद बघा. आरसी कुणाच्या नावावर आहे आणि इंजिन व चासी नंबर तिच्याशी जुळतात का, हे रंगकामाआधीच तपासा. सँडब्लास्टिंग किंवा जाड पुट्टीखाली चासी नंबर गेला, तर फेरनोंदणीच्या तपासणीत गाडी अडकते. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतंच. 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीसाठी 2021 च्या नियमांनुसार वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

आता शेड. साठीनंतर आधी थकते ती कंबर, म्हणून पहिला खर्च गाडी उचलण्यावर करा. 7 फूट लांब, 2 फूट रुंद आणि दीड फूट उंच असा लोखंडी अँगलचा चौथरा वेल्डरकडून करून घ्या. वर 18 मिमी प्लाय, पुढे चाक अडकवायची खाच, बांधायला चार कड्या आणि निदान 6 फुटांचा रॅम्प. रोडकिंग सुमारे 140 किलोची आहे, तेव्हा ती चढवताना दुसरा माणूस हवाच. कामाच्या टेबलाची उंची अशी ठेवा की वाईसचा (वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंजाचा) जबडा तुमच्या कोपराच्या पातळीला येईल.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. म्हणून प्लग पॉइंट 3 फुटांच्या वर घ्या आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) बसवा. अग्निशामक दाराजवळ टांगा, टेबलाजवळ नको, कारण आग लागेल ती टेबलाशीच. शटर बंद ठेवून इंजिन कधीही चालवू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

यझदीचे नट-बोल्ट मेट्रिक (मिलिमीटर) मापाचे आहेत. 8 ते 24 मिमीचे रिंग आणि फिक्स पाने, अर्धा इंची ड्राइव्हचा मेट्रिक गोटी सेट, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), व्हर्निअर, मल्टिमीटर, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने कसायचा पाना) आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एवढं पुरे. इम्पॅक्ट ड्रायव्हर टाळू नका, साध्या पेचकसाने साइड कव्हरच्या स्क्रूची डोकी हमखास झिजतात. क्लच आणि मॅग्नेटचे पुलर याच गाडीचे घ्या, पुण्यात असाल तर नाना पेठेत चौकशी करा. पुढे जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आणलीत तर बरेच नट इंची मापाचे निघतील. तिथे मेट्रिक पाना रेटला की नटाचे कोपरे गेले. लेथ, वेल्डिंग, रंगाची बूथ यांवर पैसे घालू नका. सिलिंडरचं बोअरिंग लेथवाल्याकडेच होऊ द्या.

गाडी शेडमध्ये आली की किक मारायचा मोह आवरा. जाम इंजिनला जोर लावला की रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडे येतात. प्लग काढून 30 मिली डिझेल आणि तेवढंच टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं) आत सोडा, तीन दिवस थांबा. मग चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने हळू मागे-पुढे करा. आठवड्यानंतरही हललं नाही, तर हेड आणि सिलिंडर उतरवा, पिस्टनवर हातोडी नको.

यझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये सगळ्यात जास्त फसवतात ते क्रँकचे ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल आणि हवा रोखणाऱ्या रबरी कड्या. इतकी वर्षं उभ्या गाडीत ते कडक होतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डावीकडचा गेला की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं: पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला राहतो, गिअर ऑइलची पातळी उतरते. उजवीकडचा गेला की हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, रेस खाली येत नाही आणि एका लांब चढावर पिस्टन चिकटतो. लोक याला कार्बोरेटरचा दोष समजून जेट बदलत बसतात. इंजिन सुरू झालं तरी दोन्ही सील बदलाच.

टाकीत पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा. गंज जाड असेल तर आत लहान नट टाकून हलवा, मात्र टाकताना मोजा आणि काढतानाही मोजा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून लगेच टू-टी ऑइल फिरवा, नाहीतर काही तासांतच पुन्हा तांबूस थर चढतो. पेट्रोलचे पाइप नवे घ्या. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, आणि इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर (पेट्रोल साठतं ती वाटी) रिकामा करा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं.

इग्निशनचा कंडेन्सर नवा टाका, पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने साफ करून गॅप 0.4 मिमी ठेवा, प्लगचा 0.6. पेट्रोलच्या लिटरला 40 मिली टू-टी ऑइल, इंजिन नव्याने बांधलं असेल तर पहिले 500 किमी 50 मिली.

पहिल्यांदा सुरू झाली की पाच मिनिटांनी बंद करा. पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने पुन्हा कसा. रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक शूचं लायनिंग नखाने उचकटून बघा, इतक्या वर्षांत त्याचा गोंद सुटलेला असू शकतो.