डेबियनवर बॅकअप क्लायंट बसवताना

भाऊ, तुमच्या कृषी केंद्राच्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स आहे आणि बॅकअप घेणारा क्लायंट प्रोग्राम मिळतो फक्त रेड हॅट लिनक्सच्या आरपीएम पॅकेजमध्ये. म्हणून लगेच लिनक्स बदलायच्या मागे लागू नका.

आधी 'एलियन' या पॅकेज बदलणाऱ्या साधनाने आरपीएमचं 'डेब', म्हणजे डेबियनचं पॅकेज, करून पाहा. त्याला 'स्क्रिप्ट्स' हा पर्याय आठवणीने द्या. नाहीतर फायली जागेवर पडतात, पण क्लायंटच्या सर्व्हिसची, म्हणजे मागे चालत राहणाऱ्या कामाची, नोंदच होत नाही. मग क्लायंटच्या मुख्य फायलीवर 'एलडीडी' ही कमांड चालवा, ती लागणाऱ्या लायब्ररी दाखवते. ज्या ओळीत 'नॉट फाउंड' दिसेल, ती लायब्ररी डेबियनच्याच भांडारातून घ्या. नवी ग्लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) मागत असेल तर तिथेच थांबा! बाहेरची ग्लिबसी सिस्टिममध्ये कोंबली तर फायलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस'सुद्धा चालेनासं होऊ शकतं, आणि ऐन खरिपाच्या गर्दीत बिलं अडकतील. त्यापेक्षा पॉडमॅन या साधनात अल्मालिनक्सचा (रेड हॅटशी जुळणाऱ्या लिनक्सचा) कंटेनर, म्हणजे सिस्टिमपासून वेगळा कप्पा, करा, डेटाचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता आत जोडा आणि क्लायंट तिथे बसवा. मला हीच वाट भरवशाची वाटते. क्लायंटला स्वतःचं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात बसणारा भाग) लागत असेल, तर मात्र हा नाद सोडा आणि सरळ रेस्टिक हा दुसरा बॅकअप प्रोग्राम घ्या.

यवतमाळकडच्या खेड्यात लाईन कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून बॅकअप सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) टायमरवर लावा आणि त्यातला 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू ठेवा. चुकलेली फेरी मशीन सुरू झाल्यावर आपोआप होते.

आजच उधारीच्या हिशेबाची एक फाईल बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, उघडा, शेवटची नोंद जुळते का बघा. नाही जुळली तर लॉगच्या शेवटच्या ओळी मला पाठवा, बसून पाहू.