पाच मुलगे, तरी वारस नाही

प्रश्न : इंग्लंडच्या विल्यम मार्शल या सरदाराला पाच मुलगे असूनही त्याची जहागीर लेकींच्या घराण्यांत कशी गेली?

उत्तर : धाकटी पाती असल्याने विल्यमला सुरुवातीला जमीनजुमला नव्हता, घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याच्या खेळांत आणि राजांच्या चाकरीत त्याने नाव कमावले. 1189 मध्ये इसाबेल द क्लेअरशी विवाह झाला आणि वेल्समधील चेपस्टोपासून आयर्लंडमधील लेन्स्टरपर्यंतची मालमत्ता तिच्यामुळे त्याच्या हाती आली. म्हणजे मुळात ही संपत्तीच एका लेकीच्या वारशाची होती, हे सहसा विसरले जाते. बालराजा तिसऱ्या हेन्रीचा कारभार पाहून, तो सोडल्यावर थोड्याच दिवसांत, 1219 मध्ये विल्यम वारला.

त्यानंतर पाचही मुलगे एकामागून एक अर्ल (वरच्या दर्जाचे सरदार) झाले, पण एकालाही औरस संतती नव्हती. तिसरा, गिल्बर्ट, 1241 मध्ये हर्टफर्डच्या खेळांत लगाम तुटून पडला आणि रिकिबीत पाय अडकल्याने घोड्याने त्याला फरफटत नेले. शेवटचे दोघे 1245 मध्ये महिन्याभराच्या अंतराने गेले. इंग्लिश कायद्यात थोरला मुलगा एकटाच वारस ठरत असे, मात्र बहिणींमध्ये समान वाटणी होई. त्यामुळे 1247 मध्ये विल्यमच्या पाच लेकींच्या घराण्यांत जहागिरीचे पाच हिस्से झाले. मार्शलपद, म्हणजे राजदरबारातील वंशपरंपरागत अधिकारपद, मात्र अविभाज्य मानून थोरल्या लेकीकडे, मॉडकडे, आणि तिच्यानंतर तिच्या मुलाकडे, नॉरफकच्या अर्लकडे, गेले.