मोबाइलवरचे लूप आणि बारावीचे वर्ष

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही संगीत परीक्षा उत्तीर्ण आहे. मोबाइलच्या लूपिंग अ‍ॅपवर, म्हणजे गायलेला तुकडा मुद्रित करून तो सतत फिरवत ठेवणाऱ्या अ‍ॅपवर, स्वतःच्याच आवाजाचे थर चढवून ती गाणी करते आणि इंटरनेटवर टाकते. आता सीईटी न देता यातच करिअर करायचे म्हणते. काय करावे? – एक पालक, भांडुप

उत्तर : आपण पाठवलेली दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकली. मुलगी सुरेल आहे. पण लूपिंगमध्ये खरा कस लागतो तो लयीचा. गायलेला पहिला तुकडा जिथे बंद होतो, तिथे सहसा पुढच्या सगळ्या थरांचे माप ठरते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या त्रितालाचे आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, ८ सेकंदांचे होते. तुकडा बंद करण्याचे बटण क्षणभर उशिरा दाबले गेले, तर ती फट प्रत्येक आवर्तनात, अगदी समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, तोंडाशी, पुन्हा पुन्हा ऐकू येते. दुसऱ्या ध्वनिमुद्रणात नेमके हेच झाले आहे. पहिल्यात मात्र वरचे थर लयीसाठी वाजवलेल्या चुटकीच्या किंचित मागे पडतात, आणि तो दोष बहुधा तिचा नसून ब्लूटूथ इअरफोनचा असावा, कारण त्यातून आवाज कानापर्यंत पोचायला लागणारा विलंब लय बिघडवायला पुरेसा असतो. तारेचा साधा इअरफोन घ्यावा; तो स्वस्तही पडतो. अनेक अ‍ॅप चार मात्रांचा हिशेब गृहीत धरतात, त्यामुळे दादरा गाताना सहाचे माप आधी लावून घ्यावे.

घरी एखादे मुद्रण वीस वेळा पुसून नव्याने करता येते, रंगमंचावर ती सोय नाही. म्हणून तिची पारख करायची असेल, तर सोसायटीच्या गणेशोत्सवात, आधी काहीही मुद्रित करून न ठेवता, अ‍ॅपच्या रिकाम्या पडद्यापासून सुरुवात करून तिने दहा मिनिटे श्रोत्यांना धरून ठेवावे. तिथे जमले, तर पुढे महाविद्यालयात गेल्यावर मल्हार, मूड इंडिगो यांसारखे महोत्सव आहेतच. इंटरनेटवरच्या पसंतीचे (लाइक्सचे) आकडे मी या पारखीत धरत नाही. नातेवाईक आणि वर्गमैत्रिणी उदार असतात.

ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करताना हक्कांचे भान हवे. ‘आम्ही कुठे पैसे मिळवतो’ एवढ्याने चित्रपटगीत गाऊन टाकण्याची मोकळीक मिळत नाही. शब्द आणि चाल यांवरील हक्क आपल्या कायद्यानुसार साधारणपणे कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. तुकारामांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, परंतु त्याला विसाव्या शतकातल्या संगीतकाराने दिलेली चाल सर्वांची असेलच असे नाही. अभंग घेऊन चाल स्वतः बांधली, तर हा प्रश्न मिटतो आणि रचनेचा सरावही होतो.

आता सीईटीविषयी. ती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ लूपिंगच्या कार्यक्रमांवर मुंबईत घर चालवणे कठीण आहे. मात्र थर रचताना तयार होणारा कान, म्हणजे कोणता आवाज पुढे आणायचा, कोणता दाबायचा, कुठे जागा रिकामी सोडायची याची जाण, अंधेरी-गोरेगाव भागातल्या ध्वनिमुद्रण, डबिंग आणि जाहिरातींच्या स्टुडिओंना उपयोगी पडते. अभियांत्रिकीत तिचे मन नसेल, तर भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट व दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेतल्या ध्वनीविषयक अभ्यासक्रमाचा विचार करता येईल. तिथे पदवीनंतर प्रवेश असतो, त्यामुळे ही तीन वर्षे वाया जाणार नाहीत. गाण्याकडेच कल राहिला, तर मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागातही चौकशी करावी.

तोपर्यंत मोबाइल काढून घेण्याचा उपाय करू नये, कारण त्यातून अभ्यास वाढत नाही, अबोला वाढतो. परीक्षेपर्यंत रोजचा रियाज अर्धा तास आणि नवे मुद्रण फक्त रविवारी, एवढे तिच्याशी बोलून ठरवावे. प्रवेशाचे अर्ज भरण्यापूर्वी तिला घेऊन एकदा प्रत्यक्ष भेटावे.