ठिबकच्या व्हॉल्व्हची चावी कुठून आणायची?

प्रश्न : ताई, आमच्या केळीत ठिबकचे वायरलेस व्हॉल्व्ह बसवले आहेत. मागच्या महिन्यात शेजाऱ्याने त्याच्या बागेतलं बटण दाबलं आणि आमचा व्हॉल्व्ह उघडला. बसवणारा म्हणतो, ‘चावी आत घातलेलीच आहे.’ मुलगा म्हणतो, हवेतल्या लहरींतूनच दोन यंत्रांची गुप्त चावी तयार करता येते. हे खरं आहे का?
— एक केळी बागायतदार, यावल तालुका

उत्तर : भाऊ, मुलगा बरोबर सांगतो आहे. बसवणाऱ्याचंही खरं असेल, चावी आत असेलच. पण शेजाऱ्याच्या बटणाला तुमचा व्हॉल्व्ह ओळखतो, म्हणजे बहुधा दोन्ही संचांत कारखान्यातून एकच चावी आली आहे. गावभर एकाच चावीची कुलपं विकावीत तसा हा प्रकार. ऐन मे महिन्यात एखाद्याने रात्री तुमचं पाणी बंद केलं तर घड भरायच्या वेळी बाग बसते, आणि ते कुणी केलं हे तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणून या प्रश्नाला मी जरा जास्त जागा घेते.

चावी म्हणजे कुणालाही अंदाज करता येणार नाही असा लांबलचक आकडा. असा आकडा चिपला नुसत्या हिशेबातून काढता येत नाही, तिला कुठून तरी अनिश्चितता आणून द्यावी लागते. संगणकाला माऊसची हालचाल मिळते, कळा दाबण्यातलं अंतर मिळतं. व्हॉल्व्हच्या डबीत यातलं काहीच नसतं. वीज आली की तशा सगळ्या डब्या एकसारख्याच जाग्या होतात. २०१२ साली संशोधक नादिया हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरची यंत्रं तपासली, तेव्हा टीएलएस (इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवायची पद्धत) वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या खासगी चाव्या त्यांना काढता आल्या. त्यांत राउटर, फायरवॉल असली छोटी यंत्रं भरपूर होती. कारण हेच, जागं होताना पुरेशी अनिश्चितता जवळ नव्हती.

ती अनिश्चितता तुमच्या बागेत उभी आहे. पंपघरातल्या यंत्रातून निघालेली रेडिओ लहर व्हॉल्व्हपर्यंत एकाच वाटेने जात नाही. थोडी सरळ जाते, थोडी पत्र्यावर आपटून, थोडी विहिरीच्या कठड्यावरून, थोडी केळीच्या पाणीदार पानांवरून. हे तुकडे मागेपुढे पोचतात आणि एकमेकांत मिसळून सिग्नल वाढवतात किंवा मारतात. त्याच फ्रिक्वेन्सीवर व्हॉल्व्हने लगेच उत्तर दिलं तर उलटी लहर त्याच वाटांनी परत येते. म्हणून दोन्ही टोकांना चढउतार जवळजवळ सारखेच दिसतात, आणि चढउताराचे आकडे हवेतून पाठवावे लागत नाहीत. हर्शी, हसन आणि यारलगड्डा यांनी १९९५ साली ही कल्पना मांडली. अशा सामायिक माहितीतून उघड बोलूनही गुप्त चावी ठरवता येते, याचं गणित उएली माउरर यांनी १९९३ मध्येच दिलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सावद्याजवळ भावाच्या बागेत मी हे करून पाहिलं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचे, परवाना न लागणारे दोन रेडिओ मॉड्यूल घेतले. दुपारी दोन वाजता पान हलत नव्हतं. सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे ७१, उणे ७१, उणे ७१, मधेच एखादा उणे ७२. वहिनी पाणी घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘काय मोजू राहिल्या तुम्ही, आकडा तर बदलतच नाही!’ वहिनींनी नेमकं दुखणं पकडलं होतं. आकडा बदलत नसेल तर त्यातून निघणारी चावी चोरालाही सांगता येते. २००९ साली सुमन जना, स्नेह कासेरा आणि सहकाऱ्यांनी खऱ्या जागांवर मोजून हेच दाखवलं : स्थिर जागेत अनिश्चितता फार थोडी मिळते, आणि मध्ये ठरवून ये-जा करणारा माणूस चावीला हवं ते वळणही देऊ शकतो. ही पद्धत विकणाऱ्याने ही अट आधी सांगायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग मी एक मॉड्यूल हातात घेऊन सरीतून चालू लागले आणि आकडे हलायला लागले. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे वितीपेक्षाही कमी सरकलं, की मिसळण बदलते. दर १७ सेंटिमीटरला एक नवं मोजमाप धरलं तर ४०० मोजमापांना ६८ मीटर चालावं लागतं. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत ती पंचेचाळीस खोडं होतात.

चालत दूर गेलं की सिग्नल एकूणात घसरतोच, आणि ती घसरण कुणालाही ओळखता येते. म्हणून आधी सरासरीचा उतार वजा करायचा आणि उरलेल्या थरथरीतूनच बिट काढायचे : सरासरीच्या वर एक, खाली शून्य, सीमेवरचे टाकून द्यायचे. दोन्ही यंत्रांनी स्वतःच्याच सरासरीशी तुलना करायची, कारण एकाच जातीचे दोन मॉड्यूलही नेमका तोच आकडा दाखवत नाहीत. तरी काही बिट जुळत नाहीत. मग गट पाडून प्रत्येक गटातल्या ‘१’ची संख्या सम आहे की विषम एवढंच हवेतून सांगायचं आणि चुकलेला बिट शोधायचा. असं सांगितलेलं प्रत्येक उत्तर चोरालाही ऐकू जातं, तेवढी गुप्तता कमी झाली असं धरायचं. शेवटी सगळं हॅशमधून, म्हणजे आकडे उलट न काढता येतील असे घुसळणाऱ्या गणितातून, पाखडून १२८ बिट ठेवायचे. चारशेंतून एवढेच उरले तर कंजुषी वाटेल, पण इथे हात आखडताच हवा.

आणखी एक सांभाळा. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीत एसएफ (संदेश किती ताणून, सावकाश पाठवायचा ते ठरवणारा आकडा) १२ ठेवलं तर छोटा संदेश जायलाही सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात तुम्ही चार-पाच विती पुढे गेलेले असता आणि जाणारी-येणारी मोजमापं जुळत नाहीत. जोडणीपुरतं एसएफ ७ ठेवा आणि सावकाश चाला.

प्रश्न : मॅडम, लहरींतून चावी काढताना चोरही तोच सिग्नल ऐकतो, मग त्याला चावी का मिळत नाही? आणि उघड बोलून गुप्त चावी ठरवायची डिफी-हेलमन ही गणिती पद्धत असताना हे कशासाठी?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : त्याला संदेश ऐकू येतात, पण त्याच्या अँटेनाशी मिसळलेले तुकडे वेगळे असतात. आजूबाजूला आपटायला भरपूर वस्तू असतील तर अर्ध्या तरंगलांबीपलीकडे त्याचे चढउतार तुझ्या चढउतारांशी फारसे जुळत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झला हे अंतर चार बोटांहूनही कमी, सुमारे ६ सेंटिमीटर. मोकळ्या माळावर, समोरासमोर दिसणाऱ्या दोन अँटेनांत मात्र हा भरवसा धरू नकोस.

डिफी-हेलमन १९७६ पासून आहे आणि आजच्या ३२ बिटांच्या स्वस्त चिपवर ते चालतं. मी तेच आधी वापरेन. पण त्यातही प्रत्येक बाजूला स्वतःचा गुप्त आकडा लागतो. तो आकडा एकसारख्या जाग्या होणाऱ्या चिपने काढला तर पुढचं सगळं गणित फुकट. म्हणून सरीत चालून मिळालेले बिट त्या आकड्याच्या साठ्यातही घाल. आणि मधे घुसून दोघांशी वेगवेगळं बोलणाऱ्याला यातली एकही पद्धत आपण होऊन ओळखत नाही. दोन्ही डब्यांवर सहा आकडे दाखवून माणसाने ते जुळवून पाहणं, एवढं तरी ठेवायलाच हवं. तू पत्रासोबत पाठवलेल्या प्रकल्पात ही पायरी राहून गेली आहे. पडदा महाग वाटला तर दोन्हीकडे एकेक एलईडी लाव आणि तेच आकडे उघडझापेने मोजायला दे. आम्ही भावाकडे तसंच केलं.

प्रश्न : मोबाइलवरून पैसे पाठवताना चावी हवेतूनच निघते का?
— किराणा दुकानदार, शहादा

उत्तर : नाही भाऊ. फोनच्या चिपमध्ये विद्युत गोंधळातून अनिश्चितता गोळा करणारा स्वतंत्र भाग असतो. तिथून निघालेल्या आकड्यावर फोन आणि सर्व्हर मिळून चावी ठरवतात. यावलच्या व्हॉल्व्हमध्ये तसा भाग आहे का, हे चिपच्या माहितीपत्रकात बघता येईल. त्या भाऊंनी डबी उघडून चिपवरचा क्रमांक मला कळवावा.