म्हाताऱ्या कुत्र्याला स्ट्रोक आलाय हे कसं ओळखायचं आणि पहिल्या दिवशी काय करायचं?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. बारा वर्षांचा लॅब्राडॉर सकाळी उठताना कोलमडला, मान एका बाजूला कलली, डोळे सतत हलतायत, उलटी झाली, एवढं सगळं नीट लिहिलंत आणि शेवटी लिहिलंत की घरचे म्हणतात स्ट्रोक आहे, वय झालंय, आता हाल करण्यापेक्षा इंजेक्शन देऊन मोकळं करावं. बाकीचं नंतर सांगते, आधी एवढं ऐका, तो निर्णय आज घ्यायचा नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. डॉक्टरांकडे आजच न्या, पण तपासायला न्या.

कारण तुम्ही जे वर्णन केलंय ते मला स्ट्रोकपेक्षा व्हेस्टिब्युलरचं जास्त वाटतंय. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती एका बाजूने अचानक बिघडते आणि कुत्र्याला सगळं जग फिरताना दिसतं. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे खूप कॉमन आहे आणि बरेचदा कारण सापडतच नाही. दिसायला इतकं भयंकर दिसतं की बघणाऱ्याला वाटतं हा आता जातोय, पण दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री चालतीफिरती होतात, फार तर मान थोडी वाकडी राहते. पण आपण पहिल्याच रात्री निकाल लावून टाकला तर हे बघायला तो उरणार कसा?

आमचा बंड्या तेव्हा तेरा वर्षांचा होता. रात्री सगळे झोपायच्या तयारीत होते आणि पॅसेजमधून नखं फरशीवर घासल्याचा आवाज यायला लागला, थांबेचना. जाऊन बघितलं तर हा भिंतीला अंग दाबून उठायचा प्रयत्न करतोय, उठला की उजवीकडे कोसळतोय, परत उठला की परत उजवीकडे, तोंडाला लाळ, बाजूला उलटी. डोळ्यांकडे बघितलं आणि माझे हातपायच गळाले, बुबुळं एका बाजूला हळू सरकायची आणि झटक्यात परत यायची, परत सरकायची, न थांबता. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होता. त्याने बघितल्या बघितल्या सांगितलं, "स्ट्रोक आहे. संपलं आता." नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला तर त्यांनी वय विचारलं आणि तेरा म्हटल्यावर म्हणाले, स्ट्रोकच असणार, सकाळी आणा, त्रास संपवून टाकू. डोळे आडवे हलतायत की वरखाली ते विचारलं नाही, शुद्धीत आहे का विचारलं नाही, कसली औषधं चालू आहेत विचारलं नाही. फक्त वय ऐकून, फोनवर! मला त्याचा आजही राग येतो. वय हे निदान नाही, कधीच नव्हतं.

सकाळी मी त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. दादाला ते अजिबात पटलं नव्हतं. या मॅडम तरुण होत्या, आणि त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू होतं का (ते जास्त डोसमध्ये किंवा फार दिवस गेलं तर कुत्र्याचा अगदी असाच तोल जातो आणि औषध थांबवलं की हा त्रास उतरतो, हे कितीतरी लोकांना माहीत नसतं), कानात कुठले थेंब घातलेत का, आधी कान खाजवत होता का, डोकं झटकत होता का. मग कानात बघितलं. मग असिस्टंटला त्याच्या पोटाखाली हात घालून उभं धरायला सांगितलं आणि पुढचा एक पाय उचलून पंजा उलटा केला, म्हणजे पंजाची वरची बाजू टेबलाला टेकेल असा ठेवला. बंड्याने लगेच पंजा सरळ केला. दुसरा उलटा केला, तोही सरळ. मागचे दोन्ही, तेही लगेच. मॅडम म्हणाल्या, आपला पाय कुठे कसा ठेवलाय ही बातमी मेंदूपर्यंत नीट जातेय, मेंदूत काही झालं असतं तर एखादा पंजा बऱ्याचदा तसाच उलटा पडून राहतो किंवा उशिरा सरळ होतो. डोळे आडवे हलत होते, वरखाली हलत असते तर मेंदूचा संशय आला असता. आणि मी हाक मारली तर एवढ्या गरगरीतही त्याने शेपूट हलवली. जाग शाबूत होती, ग्लानी नव्हती. हे सगळं तपासायला कुठलंही मशीन लागलं नाही, त्या नेहमीच्या डॉक्टरांनाही लागलं नसतं.

"आजचा दिवस सगळ्यात वाईट आहे, उद्या-परवापर्यंत डोळे थांबायला लागतील," असं सांगून त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. आणि तसंच झालं. आधी डोळे शांत झाले, मग तो डोकं वर धरायला लागला, मग भिंतीच्या आधाराने चालायला लागला. मान शेवटपर्यंत उजवीकडे थोडी कललेली राहिली, ती आम्हाला फार गोड वाटायची.

पण त्या मधल्या दिवसांत दादा मला रोज म्हणायचा की तू त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी त्याला ओढतेयस. हे वाक्य अशा प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, तुमच्याही घरी म्हणत असतील, म्हणून याचं उत्तर लिहून ठेवते. अशा चक्करीत कुत्र्याला सहसा वेदना होत नसतात. तो घाबरलेला असतो, त्याला मळमळत असतं, आणि या दोन्हीवर उपाय आहे. मळमळीवर औषध आहे, भीतीवर आपण जवळ बसणं आहे. हाल म्हणजे जे कमी करता येत नाही ते. जे दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरणार आहे त्याला हाल म्हणून त्यावर जीव घ्यायचा हे मला मान्य नव्हतं, आजही नाही.

आता खरा स्ट्रोक. तोही बंड्याला नंतर आला, म्हणून दोन्हीतला फरक मी डोळ्यांनी बघितलाय. या वेळी तो पडला नाही, उलटी नाही, डोळे स्थिर. तो चालत होता पण सारखा डावीकडेच गोल गोल, आणि उजव्या बाजूने दाराच्या चौकटीवर आपटायचा. मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्याचं भांडं. खाऊन झालं म्हणून बाजूला झाला आणि बघते तर भांड्यातली डावी अर्धी बाजू चाटूनपुसून साफ आणि उजवी अर्धी तशीच भरलेली, मधे अगदी रेघ मारल्यासारखी. मी भांडं फिरवून ठेवलं तर उरलेलंही खाल्लं. मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूला फटका बसला की उजवीकडचं जग कुत्र्यासाठी जणू नसतंच आणि वळतो तो फटका बसलेल्या बाजूकडे. एमआरआयमध्ये तेच निघालं, रक्तवाहिनी बंद होऊन मेंदूचा तेवढा भाग गेलेला. आणि कारण शोधताना बीपी १८० च्या वर आणि मूत्रपिंडं अधू झालेली सापडली. कुत्र्याचं बीपी मोजतात हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, पायाला किंवा शेपटीला छोटा पट्टा बांधून मोजतात, वरचा आकडा १६० च्या पुढे गेला की काळजी करायची आणि १८० म्हणजे डोळे, मेंदू, मूत्रपिंडं सगळ्यालाच धोका. त्याला बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू झालं, मूत्रपिंडाच्या आजारासाठीचा आहार सुरू झाला, आणि काही आठवड्यांत गोल फिरणं थांबलं, भांडं पूर्ण साफ व्हायला लागलं. म्हणजे ज्या स्ट्रोकच्या नावाने त्याला आधी मारायला निघाले होते तो स्ट्रोक खरंच आला तेव्हा त्यातूनही तो उठला.

कुत्र्याचा स्ट्रोक माणसासारखा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. तोंड वाकडं, एक हात-पाय लुळा, हे आपलं चित्र आहे. कुत्र्याचं चालणं मोठ्या मेंदूवर आपल्याइतकं अवलंबून नसतं त्यामुळे मेंदूत बऱ्यापैकी मोठी इजा होऊनही तो चालत राहू शकतो. आणि ओठ लोंबला असेल, एक पापणी मिटत नसेल तर तो बरेचदा चेहऱ्याच्या नसेचा किंवा मधल्या कानाचा प्रॉब्लेम असतो. फिट आली तर ती वेगळी दिसते, शुद्ध जाते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, लघवी होते आणि नंतर बराच वेळ कुत्रा भांबावलेला असतो. त्या वेळी तोंडात हात घालू नका, कुत्रा जीभ गिळत नाही, तुमची बोटं मात्र जातील. फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली किंवा एका दिवसात परत आली तर इमर्जन्सी. हृदयाची चक्कर असेल तर धप्पकन पडतो आणि काही सेकंदांत उठून काही झालंच नाही असा चालायला लागतो, तीही तपासायचीच, पण हृदयाच्या बाजूने. मागचे पाय अचानक गेले आणि डोकं एकदम ठीक असेल तर मेंदू सोडा, पाठीचा मणका बघायला सांगा. आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर काहीही वाचत बसू नका, पोटात रक्तस्राव असू शकतो, तसेच पळा.

स्ट्रोकची सुरुवात अचानक होते, पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज आल्यामुळे थोडं वाढू शकतं, नंतर मात्र ते एका जागी थांबतं किंवा सुधारतं. दिवसेंदिवस चढतच चाललं असेल तर ट्यूमर किंवा इन्फेक्शन शोधायला हवं. गोचिडांच्या तापात प्लेटलेट्स घटूनही मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून रक्ततपासणी टाळू नका. थायरॉईड, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार), हृदय, मूत्रपिंड, बीपी यांची नावं घेऊन विचारा, नाही विचारलं तर वय झालं यावरच फाइल बंद होते.

घरी काय करायचं तर आधी डोळ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, जवळून, नीट उजेडात, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत कधी कधी डोळे थांबलेले असतात. कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. जिने बंद करा, फरशीवर सतरंजी किंवा योगा मॅट टाका, पाय घसरले की तो अजून घाबरतो. उचलताना छाती आणि मागचा भाग दोन्हीकडून धरून हळू उचला, गाडीत दोन्ही बाजूंना उशा लावा. गरगरत असताना तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, डोकं स्वतःहून धरायला लागला की थोडं थोडं समोर धरा. उठत नसेल तर दर चार तासांनी कूस बदला, लघवीला नेताना पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या, आणि रात्री लाइट चालू ठेवा, अंधारात तोल अजून जातो कारण कान फसवत असताना डोळ्यांचाच आधार असतो. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, म्हणजे अजिबातच नाही. स्ट्रोक रक्ताच्या गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर तुम्ही तो वाढवाल. आपल्या घरातलं आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी आहे.

मी डॉक्टर नाही हे सांगायला हवं. आणि पंजाची टेस्ट, आडवे डोळे, हे सगळं बरोबर आलं तरी छोट्या मेंदूचा स्ट्रोक हुबेहूब व्हेस्टिब्युलरसारखा दिसू शकतो, खात्री एमआरआयनेच होते आणि त्याला भूल द्यावी लागते, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्यात लगेच करायचा की दोन-तीन दिवस बघायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. कुत्रा ग्लानीत असेल, हाकेला उत्तर देत नसेल, फिट येत असतील तर थांबून बघण्याचा प्रश्नच नाही, तिथे ऑक्सिजन, सलाइन, मेंदूचा दाब उतरवायची औषधं लागतात आणि ती घरी मिळत नाहीत.

इंजेक्शनला माझा विरोध आहे असंही समजू नका. बंड्याची मूत्रपिंडं पूर्ण गेली, खाणं सुटलं, औषधांनी फरक पडेना, तेव्हा मीच सही केली आणि शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते. दादा अजूनही म्हणतो की शेवटी तेच केलंस ना, मग आधीच का नाही. दादा, तू हे वाचशील असं वाटत नाही, पण मधल्या काळात तो गच्चीवर ऊन खात पडायचा, दाराची बेल वाजली की भुंकत सगळ्यांच्या पुढे जायचा, आणि तू आलास की पहिल्यांदा तुझ्याच पायात घुटमळायचा. ते सगळं त्या फोनवरच्या निदानावर गेलं असतं.

तुम्ही दवाखान्यात गेलात की पंजा उलटा करून बघा, बीपी मोजा, कानात बघा, एवढं तरी सांगाच, आणि व्हिडिओ सगळ्यात आधी दाखवा.